एका मीटरचे फेम्टोमीटर

दहावी झाली आणि आण्णांनी मला कोल्हापुरात आणून शाहूपुरीतल्या एका क्लासमध्ये घातलं. मी डॉक्टर व्हायचं हे घरात माझ्या आधीच ठरलेलं होतं. आमचं गाव नृसिंहवाडीजवळ. घरी ऊस, शिवाय आण्णांचं खतांचं दुकान. क्लासपासून दोन गल्ल्या सोडून एका मावशींचं घर होतं, त्यांच्या वरच्या मजल्यावर मुली राहायच्या. मला जी खोली मिळाली तिथं एक मुलगी आधीच येऊन बसली होती. पत्र्याची पेटी, एक उशी, आणि भिंतीला टेकून ठेवलेली फिजिक्सची दोन जाड पुस्तकं. ती गडहिंग्लजची. तिचे अब्बा तिथं शिवणकाम करायचे.

"तू जैन हाईस म्हणं," ती म्हणाली. "मावशी सांगत होत्या. रात्रीचं जेवत न्हाईस?"

"नाही. दिवस मावळायच्या आत."

"मग क्लास साडेसातला सुटल्यावर काय करणार?"

मी त्याचा विचारच केला नव्हता. तिनं केला. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ती जिन्यानं खाली पळायची आणि मावशींकडून माझा डबा घेऊन यायची. मला पहिल्या बाकावरची जागा सोडवत नव्हती म्हणून. ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची, तिची जागा कोण घेणार होतं?

भौतिकशास्त्राचे सर शिकवायचे मात्र उत्तम. पुढचं ऐकून कुणाला वाटेल की ते वाईट शिक्षक होते, तसं नव्हतं. त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत माईकशिवाय जायचा. पहिलाच धडा एककं आणि मापनाचा. त्यांनी फळ्यावर एक शिडी काढली. वर एक, खाली मिली, मग मायक्रो, नॅनो, पिको, फेम्टो, अटो, झेप्टो, आणि तळाला योक्टो. प्रत्येक पायरीला हजारानं भागायचं. योक्टोपर्यंत गेलं की दशांशचिन्हानंतर तेवीस शून्यं आणि मग एक.

पहिली परीक्षा झाली तशी सरांनी ती शिडी वर्गात उतरवली. पहिल्या बाकांवरचे आम्ही आठ जण मिली. आमच्या मागं मायक्रो, मग नॅनो, असं करत भिंतीपर्यंत. हजेरीही तशीच. "मिली, पुस्तक काढा." "अटो, हसू नका, तुमचं हसणं मोजायला यंत्र नाही." एका मुलानं विचारलं, "सर, आणि एक कोण?" सर म्हणाले, "एक म्हणजे मी." वर्ग खूप हसला. मीही हसले. मिलीला हसायला काय जातं.

माझी मैत्रीण योक्टो झाली. तिचं सगळं शिक्षण मराठीतून झालं होतं आणि पेपर इंग्रजीत. अर्धे प्रश्न तिला कळलेच नव्हते. शिवाय ती आमच्याकडच्या बायका बोलतात तशी बोलायची, मी जातो, मी करतो. पुण्याहून परत आलेल्या दोन मुली तिच्या मागून "मी जातो" म्हणून दाखवायच्या. मीही घरी तशीच बोलत होते. क्लासमध्ये आल्यावर पंधरा दिवसांत बंद केलं.

मला या एककांचं रूपांतर जमत नव्हतं हे कुणाला माहीत नव्हतं. फेम्टो म्हणजे दहाचा वजा पंधरावा घात हे पाठ होतं. पण मीटरचे फेम्टोमीटर करायचे की घात वजा ठेवायचा की अधिक, इथं माझा दर वेळी गोंधळ व्हायचा आणि मी अंदाजानं लिहायचे. एका सकाळी तिला ते दिसलं. तिनं पेटी उघडली आणि तिच्या अब्बांचा एक जुना टेप काढला. त्याच्या एका बाजूला इंच असतात, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर.

"हे बघ. टेप एकच. हिकडनं मोजला तर साठ. हिकडनं दीडशे. टेप वाढला का?"

"नाही."

"मग आकडा का वाढला?"

"सेंटीमीटर लहान आहे म्हणून."

"मग झालं की. माप जेवढं बारीक, आकडा तेवढा मोठा. फेम्टोमीटर लई बारीक, मग एका मीटरात किती बसतील? लई. वजा कशाला येतंय तिथं?"

त्यानंतर माझं एकही रूपांतर चुकलं नाही. पुढच्या परीक्षेत त्या धड्यात मला पैकीच्या पैकी मिळाले आणि सरांनी माझी वही वर्गाला दाखवली. मला कुणी शिकवलं हे मी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही, असं मी तेव्हा स्वतःला म्हणाले.

तिचे अब्बा एक रविवार सोडून एक रविवार एसटीनं यायचे. अंगानं किरकोळ, शर्टाच्या खिशात खडू. तिच्यासाठी घरचा डबा आणि माझ्यासाठी वेगळ्या, कधी न वापरलेल्या डब्यात शेंगदाण्याच्या पोळ्या. "ह्या डब्यात आमच्यातलं काय कधी शिजवून ठेवलेलं न्हाय बरं का," असं ते दर वेळी मुद्दाम सांगायचे. एकदा खालून कुठल्यातरी मुलीनं "योक्टो, तुझे वडील आलेत" म्हणून हाक मारली. ते त्यांनी ऐकलं.

"योक्टो म्हंजे काय गं?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "बारीक अब्बा. मी वर्गात सगळ्यात बारीक हाय न्हवं, वयानं."

ते हसले. त्यांना ते आवडलं.

दिवाळीनंतर सरांनी स्वतःच्या छापील नोट्स वाटल्या. उजळणीसाठी. गुळगुळीत कागद, मागं सरांचा फोटो. त्यातल्या रूपांतराच्या तक्त्यात चूक होती. एक मीटर बरोबर दहाचा वजा पंधरावा घात फेम्टोमीटर, असं छापलेलं होतं. ती आम्हा दोघींनाही एकाच वेळी दिसली, पहाटे खोलीत वाचत असताना.

"छपाईची असंल," ती म्हणाली.

"उद्या सर हाच तक्ता फळ्यावर घेणार आहेत. तू सांग त्यांना," मी म्हणाले.

"मी? तू सांग की. तू पुढं बसतीस."

"तुला जास्त चांगलं समजावता येतं. आणि एकदा सांगितलंस ना, तर ते तुला योक्टो म्हणायचे बंद होतील."

हे मी म्हणाले. मला ते खरंच वाटत होतं, का सरांसमोर चूक काढायला मला भीती वाटत होती म्हणून मी तिला पुढं केलं, याचा मी नंतर फार विचार केला. दोन्ही असावं. पण सर चिडले तर माझ्यावर चिडायला नकोत, एवढं त्या पहाटे मला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी तक्ता फळ्यावर लिहिला. मागून आवाज आला.

"सर, तिथं वजा नको."

चार महिन्यांत ती वर्गात पहिल्यांदा बोलली होती. सरांचा हात थांबला. त्यांनी फळ्याकडं बघितलं. मी पहिल्या बाकावर होते, मला त्यांचा चेहरा बाजूनं दिसत होता. त्यांना कळलं. याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. एखाद्या माणसाला घराचं दार उघडं राहिल्याचं रस्त्यात आठवावं तसा त्यांचा चेहरा झाला, क्षणभर. मग ते वळले.

"कोण बोललं? योक्टो? उभ्या राहा. फेम्टो म्हणजे किती?"

"दहाचा वजा पंधरावा घात."

"मी काय लिहिलंय?"

"वजा पंधरा."

"मग?"

वर्ग हसला. ती थांबली नाही. "सर, ते एका फेम्टोमीटरचे मीटर झाले. आपल्याला मीटरचे फेम्टोमीटर करायचे हाईत. माप बारीक झालं की आकडा वाढतोय. टेपवर कसं, इंचापेक्षा सेंटीमीटर…"

"टेपवर?" सर म्हणाले. "वडील काय करतात तुमचे?"

"शिवणकाम."

"तरीच. ब्लाउज शिवायचा असता तर मी तुमचंच ऐकलं असतं."

आता वर्ग जो हसला तो बराच वेळ हसत राहिला. सरांनी तो हसू दिला. मग माझ्याकडं बोट केलं.

"मिली. उभी राहा. तू सांग. कुणाचं बरोबर? हिचं की माझं?"

मी उभी राहिले. मागं वळले नाही.

"सर, तुमचं."

"का?"

"फेम्टो म्हणजे वजा पंधरा. म्हणून."

"बस."

कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. सर मला वर्गातून काढणार नव्हते. फार तर ते माझ्यावर चिडले असते, मला आठ दिवस मागं बसवलं असतं. या एवढ्यासाठी मी खोटं बोलले, तेही कारणासकट.

सरांनी खडू ठेवला आणि हात झटकले. "योक्टोच्या खाली काही नाही असं मी तुम्हाला शिकवलं होतं. चूक झाली. आता शास्त्रज्ञांनी खाली दोन नव्या पायऱ्या काढल्यात, रोंटो आणि क्वेक्टो. मला कळत नव्हतं त्यांची गरज काय. आज कळलं. तुम्ही आजपासून क्वेक्टो. हा फळ्यावरचा तक्ता शंभर वेळा लिहून आणायचा, खाली वडिलांची सही."

 माझा डबा तिनं मधल्या सुट्टीत त्या दिवशीही आणून दिला होता, तो तसाच माझ्या पिशवीत होता. खोलीवर आल्यावर ती पलंगावर मांडी घालून लिहायला बसली. चूक विधान, शंभर वेळा. वजा पंधरा, वजा पंधरा. दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, "पन्नास मी लिहू?"

"नको. तुझं अक्षर सर ओळखतील."

रागानं म्हणाली नाही. मला वाचवत असल्यासारखं म्हणाली. तीन दिवस आम्ही त्या खोलीत एकमेकींच्या अंगावरून गेलो. बादली रिकामी झाली, लाइट गेली, एवढंच बोलणं. मी माफी मागितली नाही. योग्य वेळ बघत होते.

रविवारी सकाळी परीक्षा होती आणि तोच प्रश्न आला. तिनं बरोबर उत्तराला खूण केली आणि तिचा गुण कापला गेला. मी नोट्सप्रमाणं चुकीच्या उत्तराला खूण केली आणि मला चार गुण मिळाले.

दुपारी तिचे अब्बा आले. सही करायच्या आधी त्यांनी ती पानं चाळली. मी तेव्हा खाली मावशींकडं जेवत होते, त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी वर आले तर खोलीत कुणी नव्हतं. ते दोघं क्लासला गेले होते. मी मागून गेले, का गेले ते सांगता येणार नाही, आणि जिन्यात थांबले. सरांच्या ऑफिसचं दार उघडं होतं. आत दोन-तीन पालक बसले होते.

"सर, पोरगी म्हणत्या की तिचं बरोबर हाय," तिचे अब्बा म्हणत होते. हातात ती पानं, अगदी नमून उभे, मुलगी त्यांच्या मागं. "मला ह्यातलं कळत न्हाय. पर ती खोटं बोलत न्हाय. तुमी एकदा बघून सांगा, चुकलं असंल तर मी तिला रागं भरतो."

"क्वेक्टो म्हणजे काय सांगितलं का तिनं तुम्हाला?"

"न्हाय."

"एकावर तीस शून्यं लिहायची. तुम्हाला मोजता येतात ना तीस? मग माझ्या डोक्याचे तेवढे तुकडे करायचे. त्यातला एक तुकडा म्हणजे तुमच्या मुलीचं डोकं. माझं मत नाही हे, गणित आहे. हिला घरी न्या, पावणं. शिवण शिकवा. तिचं भलं होईल."

बसलेल्या पालकांपैकी एकजण हसला, एक खाली बघत राहिला. तिचे अब्बा मग "बरं" म्हणाले. नुसतं बरं. पानांची घडी केली आणि ती खिशात बसेना, म्हणून परत उलगडून हातात धरली.

संध्याकाळच्या एसटीनं ते तिला घेऊन गेले. पेटी तिच्या अब्बांनी उचलली, पुस्तकं तिनं. निघताना त्यांनी माझ्यासाठी आणलेला पोळ्यांचा डबा माझ्या हातात दिला. "खाऊन घे, दिवस मावळंल," म्हणाले. ती जिन्यात माझ्यापुढून गेली. मी म्हटलं, "फोन कर." ती म्हणाली, "व्हय."

तिनं केला नाही. मीही केला नाही. पुढच्या वर्षी सरांच्या नोट्सची नवी आवृत्ती आली. तक्त्यातला वजा गेला होता. कुठं काही खुलासा नाही, दुरुस्तीची चिठ्ठी नाही. सरांचं काहीही वाईट झालं नाही. क्लासची आता तीन मजली इमारत आहे.

मला सरकारी मेडिकलला प्रवेश मिळाला. आमच्या घरी आठ दिवस माणसं येत होती. त्या गडबडीत मला वाटायला लागलं की आता गडहिंग्लजला जाऊन यावं. इतक्या आनंदात एक गोष्ट तेवढी टोचत होती, ती काढून टाकावी. तेव्हा मी याला पश्चात्ताप म्हणत होते. वाडीहून कवठाच्या बर्फीचा एक बॉक्स घेतला आणि एसटीत बसले.

दुकान बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होतं. आत दोन मशीन. एकावर ती. तिनं बारावी आर्ट्समधून केली होती आणि पुढं बाहेरून बी.ए. करत होती. ती मला बघून उठली, दचकली नाही. तिचे अब्बा मात्र हातातलं कापड टाकून पुढं आले.

"अरे व्वा, डाक्टर आल्या," म्हणाले. पेपरात फोटो बघितला होता त्यांनी. स्टूल पुसून दिलं, समोरच्या हॉटेलातून चहा सांगितला. शेजारच्या दुकानदाराला हाक मारून बोलावलं.

"ही ती पोरगी," ते त्याला सांगायला लागले. "मी तुला सांगितलं न्हवं का. त्या मास्तरानं भर वर्गात आमच्या पोरीची चेष्टा केली, शंभर पोरं हसली, आणि ही एकटी उभी राहिली. सरांच्या तोंडावर म्हणाली, हिचं बरोबर हाय. शिक्षण वाया गेलं आमचं, जाऊं दे. पर एक माणूस उभं राहिलं."

मी तिच्याकडं बघितलं. ती दोरा ओवत होती. सुई डोळ्यासमोर धरलेली, त्यामुळं तिचा चेहरा मला नीट दिसला नाही. पण तिनं मान किंचित हलवली. नाही, अशी. ते मला स्पष्ट कळलं. आणि तरी मी बोलले.

"काका, तसं झालं नव्हतं."

"काय?"

"मी उभी राहिले, पण मी सरांचं बरोबर म्हणाले. मला माहीत होतं हिचं बरोबर आहे. मला हिनंच शिकवलं होतं. आणि सरांची चूक दाखव असं हिला मीच सांगितलं होतं."

शेजारचा दुकानदार चहा न घेता निघून गेला. तिचे अब्बा माझ्याकडं बघत नव्हते. त्यांनी तिला विचारलं, "व्हय?" ती त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाली, दोन-तीन शब्द. ते मशीनवर जाऊन बसले, आमच्याकडं पाठ करून. पाय पट्टीवर ठेवले, पण मशीन चालवलं नाही.

ती मला स्टँडपर्यंत सोडायला आली. 

"तुला मोकळं व्हायचं होतं," ती म्हणाली. "झालीस. आता त्यांनी काय करायचं?"

"मला वाटलं, निदान खरं सांगावं."

"खरं वर्गात सांगायचं होतं. तवा त्याचा उपयोग होता." ती अजिबात आवाज चढवत नव्हती. "त्या दिवशी एसटीत ते रडत होते. माणसं बघत होती. मला काय सुचंना, म्हणून मी सांगितलं, अब्बा, माझी मैत्रीण माझ्या बाजूनं बोलली. तवा थांबले. दोन वर्षं झाली, गिऱ्हाइकांना सांगतात, गल्लीत सांगतात. त्यांच्याजवळ त्यातलं तेवढंच चांगलं होतं. मी दिलेलं. तू आज येऊन ते पण काढून घेतलंस."

"मी पुन्हा जाऊन बोलते त्यांच्याशी."

"काय बोलणार?"

स्टँडची पाटी दिसायला लागली होती.

"मी मान हलवली होती," ती म्हणाली. "तू बघितलीस. बघून बोललीस."

"हो."

कोल्हापूरची गाडी लागली होती. मी चढेपर्यंत ती थांबली नाही. ती परत जाताना मी खिडकीतून बघितलं, बाजारातून झपाझप चालत होती, दुकान उघडं टाकून आल्यासारखी.

त्यानंतर मी तिला तीन मेसेज पाठवले. एक माफीचा, एक ईदचा, एक नुसता कशी आहेस असा. तिनं माझा नंबर बंद केलेला नाही. निळ्या खुणा येतात. उत्तर येत नाही.